दुसरा भाग, दुसऱ्याचा भाग

कथा-कादंबऱ्यांच्या वाटेला मी फारसा गेलो नाही. शाळेत तीस-बत्तीस वर्षे इतिहास शिकवला. वाचन झाले ते सनावळ्यांचे, तहांचे आणि बखरींचे. त्यामुळे भाची मे महिन्याच्या सुट्टीत रत्नागिरीला आली आणि तिने माझ्यापुढे एक जाड इंग्रजी कादंबरी ठेवली, तेव्हा मी ती उलटसुलट करून पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"मामू, पहिला भाग मी गेल्या ईदला दिला होता. वाचलात ना?"

"वाचला. चांगला आहे. आता पुढे काय उरले त्यात? मुलगी जिंकली, घरी आली."

"तेच तर. पहिल्या भागात ती स्वतःला वाचवते. खरी गोष्ट दुसऱ्या भागात आहे."

पहिला भाग म्हणजे सुझॅन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची २००८ सालची 'द हंगर गेम्स' आणि दुसरा म्हणजे २००९ सालची 'कॅचिंग फायर'. किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेल्या, जगाच्या विध्वंसानंतरच्या काळात घडणाऱ्या या विज्ञानकथा. इतिहासाच्या मास्तराने भविष्यकाळातली गोष्ट कशाला वाचावी, असे मला वाटले होते. पण दुसरा भाग वाचून झाल्यावर मी माझ्या जुन्या टिपणवह्या काढल्या आणि त्यांत काय काय राहून गेले, ते शोधू लागलो. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

पहिल्या भागाची गोष्ट थोडक्यात सांगतो. उत्तर अमेरिका दुष्काळ, वादळे, जमीन गिळणारा समुद्र आणि उरल्यासुरल्या अन्नासाठी झालेली युद्धे यांनी उद्ध्वस्त झाली आहे. त्या राखेवर पॅनेम नावाचे राज्य उभे आहे. कॅपिटॉल ही त्याची ऐषारामी राजधानी आणि तिला पोसणारे बारा जिल्हे. एकेकाळी जिल्ह्यांनी बंड केले होते. ते चिरडले गेले आणि तेरावा जिल्हा नष्ट झाला, असे सर्वांना सांगितले जाते. त्या बंडाची शिक्षा म्हणून प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडून द्यायची. ही चोवीस मुले एका आखाड्यात एक जण उरेपर्यंत एकमेकांना मारतात आणि साऱ्या देशाला ते टीव्हीवर पाहावे लागते. ज्याच्या घरात दाणा नाही, त्या मुलाने आपल्या नावाची एक चिठ्ठी जास्त टाकायची, म्हणजे एका माणसाला वर्षभर कसेबसे पुरेल इतके धान्य आणि तेल मिळते. म्हणजे चिठ्ठी सर्वांची असली, तरी निघते बहुधा गरिबाची. कोळशाच्या खाणींच्या बाराव्या जिल्ह्यातली कॅटनिस नावाची सोळा वर्षांची मुलगी धाकट्या बहिणीऐवजी स्वतः पुढे होते आणि जिवंत परत येते.

हे सगळे नवे असले, तरी त्याची मुळे जुनी आहेत. लॅटिनमध्ये 'पॅनेम' म्हणजे भाकरी. रोमन कवी ज्युव्हेनल याने तक्रार केली होती, की एकेकाळी राज्यकारभारात मत देणारी रोमची जनता आता भाकरी आणि आखाड्यातले खेळ एवढ्यावरच समाधान मानते. कॉलिन्सबाईंनी या गोष्टीचे मूळ ग्रीक पुराणातही असल्याचे सांगितले आहे. हरलेल्या अथेन्सला क्रीटच्या राजाकडे सात मुलगे आणि सात मुली पाठवाव्या लागत, राक्षसाच्या भक्ष्यासाठी. आणखी एक मूळ अगदी जवळचे आहे. त्यांचे वडील अमेरिकेच्या हवाई दलात अधिकारी होते, इतिहासाचे जाणकार होते आणि मुलगी सहा वर्षांची असताना व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. पुढे एका रात्री टीव्हीची वाहिनी बदलता बदलता एकीकडे तरुणांच्या स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराकमधल्या युद्धाची दृश्ये त्यांच्या डोळ्यांसमोर एकमेकांत मिसळली आणि कादंबरीची कल्पना सुचली. बगदादवर पडणारे बॉम्ब आपणही दिवाणखान्यात बसून पाहिले होते. फरक एवढाच, की त्या बाईला त्याची लाज वाटली आणि तिने ती मुलांसाठी लिहून ठेवली.

आता दुसऱ्या भागाकडे येतो. जिंकलेल्या कॅटनिसला आणि तिच्याबरोबर वाचलेल्या पीटाला विजययात्रेवर प्रत्येक जिल्ह्यात नेतात. जिथली मुले मेली, तिथल्याच लोकांना टाळ्या वाजवायला उभे करायचे, अशी ही रीत. पहिला मुक्काम अकरावा जिल्हा. हा शेतीचा जिल्हा. साऱ्या देशाला धान्य आणि फळे पुरवतो आणि स्वतः उपाशी राहतो. आखाड्यात कॅटनिसने जिला धाकट्या बहिणीसारखे जपले आणि जिच्या मृतदेहाभोवती फुले वाहिली, ती बारा वर्षांची सावळी रू इथलीच.

पहिल्या भागात रूने कॅटनिसला एक गोष्ट सांगितली होती. आमच्याकडे पिकातले काही खाल्ले तर सर्वांसमोर चाबकाने फोडून काढतात. कॅटनिसला आश्चर्य वाटले होते, कारण तिच्या जिल्ह्यात शिपाई चोरट्या शिकारीकडे काणाडोळा करीत. तेव्हा तिच्या मनात शंका आली, की आपले हे बोलणे टीव्हीवर दाखवीत नसतील. एका जिल्ह्याचे हाल दुसऱ्या जिल्ह्याला कळू नयेत, हेच राजधानीला हवे असणार. पहिल्या भागात ही शंका एका वाक्यात येऊन जाते. दुसऱ्या भागात गाडीच्या खिडकीतून तिला अकराव्या जिल्ह्याचे कुंपण दिसते. पस्तीस फूट उंच, वर काटेरी तारांची भेंडोळी, अधूनमधून पहाऱ्याचे मनोरे. आपले कुंपण तिला आठवते, ज्याच्या खालून ती रोज रानात जात असे. गरिबी तिने भोगली होती. पण आपल्यापेक्षा जास्त बांधलेले कोणी आहे, हे ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहते.

चौकात रूच्या घरचे लोक उभे असतात. कॅटनिस त्यांची माफी मागितल्यासारखे बोलते, रूच्या मृत्यूनंतर या जिल्ह्याने तिला पाठवलेल्या भाकरीबद्दल आभार मानते. उपाशी जिल्ह्याने परक्या जिल्ह्याच्या मुलीसाठी भाकरी पाठवावी, असे आधी कधी घडले नव्हते. मग गर्दीतला एक म्हातारा रूची चार सुरांची शीळ घालतो आणि सगळा जमाव तीन बोटे ओठांना लावून तिच्या दिशेने उंचावतो. ही खूण मुळात कॅटनिसच्या जिल्ह्यातली, जिवलगाला निरोप देताना मयतीच्या वेळी करायची. अकराव्या जिल्ह्याने ती तिच्याकडूनच पाहून उचललेली असते. शिपाई त्या म्हाताऱ्याला ओढून पायरीवर आणतात आणि गोळी घालतात.

माझ्या दृष्टीने दुसरा भाग हा इथे सुरू होतो. मराठीत 'दुसरा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिल्यानंतरचा तो दुसरा आणि आपला नव्हे तोही दुसराच. पहिला भाग आपल्या दुःखाचा आणि दुसरा भाग दुसऱ्याच्या दुःखाचा. राज्यकर्ते पहिल्या भागाला फारसे भीत नाहीत, कारण आपले रडणे प्रत्येक जण आपापल्या कुंपणात रडतो. एका जिल्ह्याच्या मयतीची खूण दुसऱ्या जिल्ह्याने केली, की मात्र गोळी सुटते.

कादंबरीतली ही खूण पुस्तकातच राहिली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. २२ मे २०१४ रोजी थायलंडमध्ये जनरल प्रयुत चान-ओचा यांनी सत्ता हाती घेतली. पाच किंवा अधिक माणसांनी जमण्यास बंदी झाली. जूनच्या सुरुवातीला बँकॉकच्या रस्त्यांवर तरुण मुले गप्प उभी राहून तीन बोटे वर करू लागली. घोषणा नाही, फलक नाही. काहींनी त्या बोटांना स्वातंत्र्य, समता आणि बंधुता असा अर्थ दिला. १९ नोव्हेंबरला खोन केन या शहरात पंतप्रधान झालेले हेच जनरल भाषण करीत असताना पाच विद्यार्थी पुढे आले आणि त्यांनी तीच खूण केली. त्यांना धरून नेले. दुसऱ्या दिवशी याच मालिकेतला नवा चित्रपट प्रदर्शित होणार होता. बँकॉकमधल्या एका चित्रगृह-साखळीने त्याचे खेळ रद्द केले. तोफा आणि रणगाडे बाळगणाऱ्या सरकारला मुलांच्या गोष्टीतली तीन बोटे सहन झाली नाहीत.

वर्तमानपत्रांत हे वाचून आपल्याला बरे वाटते. पण थायलंडलाही त्याचा अकरावा जिल्हा आहे. देशाच्या दक्षिण टोकाला मलय भाषा बोलणारे मुसलमान राहतात. तिथल्या नराथिवात प्रांतातील ताक बाई येथे २५ ऑक्टोबर २००४ रोजी पोलीस ठाण्यासमोर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यात सात जण मेले. मग शेकडोंना हात मागे बांधून लष्करी ट्रकमध्ये एकावर एक थर लावल्यासारखे घातले आणि काही तासांच्या प्रवासाला नेले. आणखी ७८ जण गुदमरून मेले. रमजानचा महिना होता, त्यांतले अनेक रोजेदार होते. २०२४ मध्ये या प्रकरणाची वीस वर्षांची कायदेशीर मुदत संपली. तोवर एकाही आरोपीवर प्रत्यक्ष खटला चालला नव्हता. बँकॉकच्या चौकातली तीन बोटे जगाने पाहिली. ताक बाईचे ट्रक किती जणांना आठवतात?

यानंतर मला जायचे आहे ते ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये. रत्नागिरीच्या माणसाला तो देश परका नाही. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला मंडालेहून उचलले आणि पुढच्या वर्षी आमच्या गावात आणून ठेवले. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याआधी आपल्या बादशहाला, बहादूरशाह जफरला, इंग्रजांनी रंगूनला नेले होते. १८६२ मध्ये तो तिथेच दफन झाला. त्यांचा राजा आपल्या मातीत, आपला बादशहा त्यांच्या मातीत. हा धडा मी दरवर्षी रंगवून शिकवीत असे आणि नंतर मुलांना थिबाच्या कबरीपाशी नेत असे. टिपणवहीत मी पुढे एक ओळ लिहून ठेवली होती, की डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि त्यांनी या कबरीचे दर्शन घेतले. सव्वाशे वर्षांनी एका परागंदा राजाला त्याच्या देशाची आठवण झाली, म्हणून मी गहिवरलो होतो.

वहीत जे नव्हते, ते असे. त्याच वर्षी म्यानमारच्या राखाइन प्रांतात रोहिंग्या मुसलमानांची घरे जळाली आणि लाखाहून अधिक माणसे छावण्यांत गेली. जुलै २०१२ मध्ये याच अध्यक्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयुक्तांना सांगितले होते, की रोहिंग्यांना छावण्यांत ठेवावे किंवा तिसऱ्या देशात पाठवावे, हाच उपाय आहे. जुलैमध्ये लाखोंच्या हद्दपारीची भाषा आणि डिसेंबरमध्ये एका हद्दपाराच्या कबरीवर फुले. दोन्ही बातम्या मी वाचल्या होत्या. एकाच माणसाच्या आहेत, हे मला जोडता आले नाही. कादंबरीतल्या कुंपणांसारखी कुंपणे माझ्या वहीतही होती.

पुढचा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक आहे. १९८२ च्या कायद्याने रोहिंग्यांचे नागरिकत्व आधीच गेले होते. २०१५ च्या निवडणुकीत त्यांचा मताधिकारही गेला. त्याच निवडणुकीत लोकशाहीच्या नायिका आँग सान सू ची यांचा पक्ष प्रचंड बहुमताने जिंकला, आणि त्या पक्षाने एकाही मुसलमानाला उमेदवारी दिली नव्हती. २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या नाफ नदी आणि डोंगर ओलांडून बांगलादेशात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये गांबिया या छोट्या आफ्रिकी देशाने दाखल केलेल्या खटल्यात सू ची स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेल्या आणि त्यांनी आपल्या देशाचा बचाव केला. ज्या लष्कराने त्यांना वर्षानुवर्षे घरात कोंडले होते, त्याच लष्कराच्या वतीने. यांगोनमध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी सभा भरल्या. त्या सभांतली तरुण मुले वाईट होती असे मी म्हणणार नाही. ती पहिला भाग वाचीत होती. आपला देश, आपली नेता, आपली लोकशाही.

मग १ फेब्रुवारी २०२१ उजाडला. लष्कराने सू चींना अटक केली आणि सत्ता घेतली. दोन-तीन दिवसांत रुग्णालयांतले डॉक्टर आणि परिचारिका तीन बोटे वर करून उभ्या राहिल्या. मग विद्यार्थी, गिरणी कामगार मुली, रेल्वे कर्मचारी. २६ फेब्रुवारीला म्यानमारचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत चॉ मो टुन यांनी आमसभेत लष्कराविरुद्ध भाषण केले आणि शेवटी तीच तीन बोटे उंचावली. दुसऱ्याच दिवशी लष्कराने त्यांना बडतर्फ केल्याचे जाहीर केले.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, जी मला सर्वांत मोलाची वाटते. शहरांतल्या बर्मी तरुणांवर गोळ्या चालू लागल्या, रात्री घरे फोडून माणसे नेली जाऊ लागली, आणि त्यांच्यातले अनेक जण उघडपणे लिहू लागले की रोहिंग्या जे सांगत होते ते खरे होते. आम्ही विश्वास ठेवला नाही, आम्हाला माफ करा. मोर्चांत तसे फलकही दिसले. ३ जून २०२१ रोजी लष्कराला विरोध करणाऱ्या राष्ट्रीय ऐक्य सरकारने १९८२ चा कायदा रद्द करण्याचे आश्वासन दिले आणि १३ जूनला हजारोंनी रोहिंग्यांसाठी काळे कपडे घातलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्या छायाचित्रांतही तीन बोटे होती. अकराव्या जिल्ह्याचे कुंपण त्यांना दिसले होते. उशिरा दिसले, स्वतःच्या पाठीवर चाबूक पडल्यावर दिसले. पण दिसले.

यावरून सगळे ठीक झाले असे समजू नये. कायदा आजही आहे. बांगलादेशाच्या छावण्यांत दहा लाखांहून अधिक माणसे आहेत. २०२४ मध्ये त्याच लष्कराने मागे उरलेल्या रोहिंग्या तरुणांना जबरदस्तीने सैन्यात ओढले. ज्यांनी नागरिकत्व नाकारले, त्यांच्यासाठीच लढायचे. तीन बोटांनी कोणाला घर परत मिळालेले नाही. एवढेच झाले, की ज्यांना कालपर्यंत 'बंगाली घुसखोर' म्हटले, त्यांना त्यांच्याच नावाने हाक मारणारे काही जण निघाले.

इथपर्यंत मी भाचीला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. बर्मी बौद्धांना उशिरा का होईना जाग आली, हे ऐकवताना माझा आवाज चढला असावा. ती शांतपणे म्हणाली,

"मामू, २०१७ मध्ये तुम्ही रोहिंग्यांसाठीच्या मोर्चात गेला होता ना?"

"गेलो होतो. जुम्म्यानंतर निघाला होता."

"त्याआधी म्यानमारमधल्या कोणासाठी गेला होता?"

उत्तर नव्हते. तो प्रश्न मनात ठेवून मी वाचायला बसलो. कारेन लोकांचा सशस्त्र लढा १९४९ पासून चालू आहे. त्यांच्यात बौद्ध आहेत, ख्रिस्तीही आहेत. थायलंडच्या सीमेवरच्या त्यांच्या छावण्या १९८४ पासून आहेत. म्हणजे छावणीत जन्मलेल्या मुलांना छावणीतच मुले झाली. उत्तरेकडच्या काचिन प्रदेशात, जिथले काचिन लोक बहुसंख्येने ख्रिस्ती आहेत, सतरा वर्षांची शस्त्रसंधी जून २०११ मध्ये मोडली आणि सुमारे एक लाख माणसे घराबाहेर पडली. जाळलेली गावे तशीच, लष्करही तेच. मी इतिहासाचा शिक्षक, माझ्या गावात ब्रह्मदेशाचा राजा पुरलेला, आणि मला कारेन व काचिन ही नावे नीट ठाऊक नव्हती. रोहिंग्यांसाठी माझे डोळे भरून आले ते खरे होते. पण ते आपल्याच जिल्ह्यातल्या मयतीचे अश्रू होते. त्यांत कमीपणा नाही, माणूस आधी आपल्या घरचेच रडतो. मात्र पहिल्या भागावर पुस्तक मिटून बसलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या समाजाच्या दुःखाची यादी मोठी आहे आणि ती आपण लिहिलीच पाहिजे. आपण नाही लिहिली तर कोण लिहिणार? पण ती यादी जगापुढे ठेवताना समोरच्याने आपला दुसरा भाग वाचावा, अशी अपेक्षा आपण करतो. मग त्याच्या दुःखाचा भाग आपण कधी हाती घेतला, हा प्रश्न तो विचारणारच. भाचीने मला विचारला तसा.

सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघे थिबाच्या कबरीपाशी गेलो. नेहमीचा धडा माझ्या तोंडावर आला होता. या वेळी त्यात थेन सेन यांचा जुलै महिनाही आला, नाफ नदी आली आणि कारेन छावण्याही. धडा लांबला. भाची कठड्याला टेकून ऐकत राहिली.

परतताना तिने सांगितले की तिसरा भागही आहे, 'मॉकिंगजे'. त्यात जिल्हे जिंकतात, आणि जिंकल्यावर प्रश्न येतो, की आता कॅपिटॉलच्या मुलांना आखाड्यात उतरवायचे का. प्रस्ताव मांडणारी बाई पीडितांचीच पुढारी असते.

"मग काय ठरते?" मी विचारले.

"ते तुम्ही वाचा," ती म्हणाली. "आधी दुसरा भाग पुरता पचू दे."